विस्क्रीच्या घराबद्दल, आई-बाबांस

ती. आई आणि ती. बाबा यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय काढला की बाबा फोन आईकडे देतात आणि आई रडायला लागते, म्हणून पत्र. घर घेतलं. नोटरीकडे सह्या झाल्या, पैसे दिले, स्टुटगार्टचा फ्लॅट एप्रिलअखेर सोडतोय. आम्ही पुण्यात घर बघावं म्हणून बाबा पेपरातल्या जाहिराती कापून ठेवतात, हे ताईने सांगितलं मला. त्या कात्रणांबद्दल ऐकल्यापासून मला नीट झोप नाही. पण आधी सगळं वाचा, मग काय ते रागवा.

गाव रोमानियात, ट्रान्सिल्व्हेनियात, नाव विस्क्री. तुमच्या जावयाची आजी तिथली, आम्ही तिला ओमा म्हणतो. ही माणसं जर्मन बोलणारी, सॅक्सन म्हणवतात. बाराव्या शतकात हंगेरीच्या गेझा राजाने सीमा राखायला आणि जमीन कसायला ऱ्हाइन-मोझेलकडून आणलेली. आठशे वर्षं तिथे राहिली. बाबा, तुम्ही इतिहास शिकवलात, तेव्हा पुढचं तुम्हाला लवकर कळेल. जानेवारी १९४५ मध्ये सोव्हिएत खाणी-कारखान्यांत राबायला जी तरुण माणसं उचलून नेली, त्यांत ओमाची आई होती. ओमा तेव्हा चार-पाच वर्षांची. पुढे हुकूमशहा चाउशेस्कूच्या काळात पश्चिम जर्मनी डोईमागे पैसे मोजून एकेका कुटुंबाला सोडवून घ्यायची. तो पडला आणि १९९० या एका वर्षात देशातून लाखावर जर्मन निघून गेले. ओमाही त्यांतच. आता विस्क्रीत सॅक्सन बोटांवर मोजण्याइतके. गावात वस्ती रोमा, म्हणजे ज्यांना जिप्सी म्हणतात ते, आणि रोमानियन लोकांची. गेलेले उन्हाळ्यात येतात, आपल्या चाकरमान्यांसारखे, अंगण झाडतात, चर्चमध्ये बसतात, आणि परत कुलूप.

ओमाचं जुनं घर आम्ही घेतलं नाही, हे तिच्यादेखत स्पष्ट केलं. तिथे तीस वर्षांहून अधिक काळ एक रोमा कुटुंब राहतंय, त्यांना कोण उठवणार? आमचं त्याच रस्त्यावर, तीन घरं सोडून. ओमा काय म्हणाली असेल? "आम्ही तिथून सुटायला आयुष्य घातलं आणि तुम्ही परत चाललात." अगदी बाबांच्या सुरात. काकांच्या वाटणीच्या वेळी बाबा ओटीवर बसून जे बोलले होते, ते मला आठवलं. मी तेव्हाही गप्प होते, आताही गप्पच राहिले. पण रात्री तिनेच फोन करून सांगितलं, घर घ्यायच्या आधी विहिरीत डोकावून पाहा.

घर तुम्हाला आवडेल. रस्त्याकडे अरुंद भिंत, शेजारी मोठा लाकडी दरवाजा, आत लांबट अंगण आणि शेवटी अंगण बंद करणारं गवताचं कोठार. छप्पर कौलारू! कौलं चपटी, हाताने थापलेली, खालचं टोक गोलसर. आपली मंगळुरी कौलंही बासेल मिशनच्या लोकांनी १८६० च्या दशकात मंगळुरात कारखाना घालून सुरू केली, हे बाबांनीच मला पडवीत शिडी धरायला लावून सांगितलं होतं. त्या दिवशी तुम्ही वरून एकेक कौल हातात द्यायचात आणि मी फुटकं-धड वेगळं रचायचे. माझ्या फ्रॉकला शेवाळ लागलं म्हणून आई ओरडली, आणि तुम्ही तिला म्हणालात, "कामाला आहे ती माझ्या." मला अजून कुणी एवढी मोठी पदवी दिलेली नाही.

भिंतींना तिथे चुनाच लावायचा, सिमेंट नाही. सिमेंट मारलं की ओल आत कोंडते आणि जुनी भिंत पोखरते. हे जावयाचं काम, तो वर्षभर शिकलाय. आणि हो, पडवीच्या भिंतीला सिमेंट मारायचं चाललंय असं कळलं. थांबा जरा. मी आल्यावर बघू. गवंड्याला ॲडव्हान्स दिला असेल तर दिला.

आई, तुझ्या मनात काय आहे ते ठाऊक आहे, म्हणून क्रमाने नाही पण सांगते. नोकरी माझी तीच, घरून. ऑफिसने लेखी दिलंय. इंटरनेट जर्मनीपेक्षा बरं, हसू नकोस, खरंच. डॉक्टर, औषधं, बाजार रुपेआला, गाडीने पंधरा-वीस मिनिटं. मोठं हॉस्पिटल ब्राशोवला, दीड तास धर. थंडी आहे, खोटं बोलत नाही, पण खोलीत भिंतीलगत फरशांची उंच भट्टी असते. सकाळी लाकडं घातली की संध्याकाळपर्यंत फरशा कोमट राहतात. त्याला पाठ लावून तू बसलीस की तुझी कंबर महिनाभर तरी तक्रार करणार नाही. मक्याची पेजेसारखी घट्ट लापशी असते, ममालिगा, दह्याबरोबर छान लागते. गावातल्या बायका लोकरीचे मोजे विणून विकतात. शेजारच्या बाईने मला दोन जोड दिले, मी तिला तुझा स्वेटर दाखवला. तिने तो उलटा करून आतली गाठ शोधली. सापडली नाही.

अस्वलांचं ताईने इंटरनेटवर वाचलंच असेल. आहेत, जंगलात. आपल्याकडे बिबट्या गोठ्यापर्यंत येतो, म्हणून तुम्ही गाव सोडलंत का?

संध्याकाळी गायी चरून येतात तेव्हा मात्र तुम्ही हवे होतात असं वाटलं. रस्त्याने सगळा कळप येतो, आणि एकेक गाय आपापल्या दरवाज्याशी न हाकलता वळते. दरवाजा उघडा नसेल तर उभी राहून हंबरते. एक म्हातारी आतून "आले गं" अशा अर्थाचं काहीतरी ओरडत आली. आईच.

बाबांसाठी एक खास गोष्ट: इंग्लंडच्या राजाने, तो युवराज होता तेव्हा, २००६ साली याच गावात एक घर घेतलं. कट्ट्यावर सांगा बिनधास्त, खरं आहे. गावाचं तटबंदीवालं पांढरं चर्च युनेस्कोच्या यादीत आहे. त्याच्या एका बुरुजात पूर्वी सगळ्या घरांचं खारवलेलं डुकराचं मांस टांगलेलं असायचं, आपापल्या शिक्क्यासकट. हा भाग कट्ट्यावर नाही सांगितला तरी चालेल.

पुण्यात का नाही, हा प्रश्न उरतोच. नीट उत्तर माझ्याजवळ नाही. ह्याला तिथे हाताचं काम मिळतंय आणि तो पहिल्यांदा सकाळी हसत उठतो, एवढं आहे. आणि तुमच्यापासून मी लांब नाही, उलट घड्याळात एक तास जवळ येतेय: उन्हाळ्यात अडीच तासांचा फरक. म्हणजे तुमच्या संध्याकाळच्या दिव्याच्या वेळी माझी दुपार, फोन रोज. वर्षाला एकदा येणं ठरलेलंच, ते मोडणार नाही.

आता ऐका. रोमानिया १ जानेवारी २०२५ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात, पूर्ण आलाय, जर्मनीचा आणि इकडचा व्हिसा आता एकच. तेव्हा बाबा, पासपोर्ट या महिन्यात नूतनीकरणाला टाका, "बघू" नको. बीपीची गोळी सकाळीच, चहाच्या आधी, आणि पोटात काही नाही म्हणून टाळायची नाही. आई, गुडघ्याचा एक्स-रे ताईबरोबर जाऊन काढ. जिना रात्री उतरायचा नाही, तांब्या वरच ठेव. इकडे न्हाणीघरात तुझ्यासाठी धरायला दांडी बसवतेय, किती उंचीवर हवी ते भिंतीला हात लावून मोजून कळव. विमान बुखारेस्टपर्यंत, मध्ये एक बदल, पुढे गाडीने चार-साडेचार तास. आम्ही घ्यायला येऊ, तुम्ही एकटे कुठे शोधत फिरणार नाही. यायचं ते जूनमध्ये, आंबे आटोपल्यावर. नाही जमलं तर सप्टेंबर. रागात असलात तरी या.

ताईबरोबर आमसुलं आणि कुळथाचं पीठ पाठव. लोणचं नको, मागच्या वेळी बॅगेत फुटलं आणि जावयाचा सूट अजून वास मारतोय.

तुमची,
छकुली