मॅनेजर बदलले, मालकांचं काय?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कालच्या क्रीडा पानावरचा मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबबद्दलचा लेख वाचला. चाहत्यांनी टाळ्या वाजवाव्यात, गाणी म्हणावीत आणि क्लब चालवायचं काम ज्यांना त्यातलं कळतं त्यांच्यावर सोपवावं, असा त्याचा एकंदर सूर. चाहत्यांच्या उतावळेपणामुळेच तिथे मॅनेजर, म्हणजे संघाचा मुख्य प्रशिक्षक, टिकत नाही, असंही आपल्या प्रतिनिधींचं निदान आहे. लेखाची भाषा छान आहे, छायाचित्रही छान आहे. बाकी सगळा प्रकार चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा आहे.

क्लबचे मॅनेजर सर अॅलेक्स फर्ग्युसन २०१३ साली निवृत्त झाले. त्यानंतर मॉयेस आले. सहा वर्षांचा करार हातात असताना दहा महिन्यांत त्यांना नारळ मिळाला. व्हान गाल यांनी एफए कप ही इंग्लंडमधली बाद पद्धतीची स्पर्धा जिंकली आणि पाठोपाठ त्यांचीही गच्छंती झाली. मग मोरिन्यो, मग सोल्शायर, मग टेन हाग. यातला एक तरी निर्णय गॅलरीत बसलेल्या माणसाने घेतला का? टेन हाग यांचंच घ्या. मे २०२४ मध्ये त्यांनी मँचेस्टर सिटीला हरवून एफए कप आणला. क्लबच्या धुरीणांनी आढावा घेतला, विचारविनिमय केला, जुलैमध्ये करार वाढवला आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना काढून टाकलं. भरपाई अर्थात क्लबच्या तिजोरीतून. डॅन अॅशवर्थ यांना क्रीडा संचालक म्हणून आणण्यासाठी ते ज्या क्लबात होते त्या न्यूकॅसलशी कित्येक महिने घासाघीस चालली होती. ते १ जुलैला रुजू झाले आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवडाअखेरीस बाहेरही पडले. उतावळे कोण, ते आपल्या प्रतिनिधींनीच ठरवावं.

मी आयुष्यभर हिशेब तपासण्याची नोकरी केली. निवृत्त झालो तरी ताळेबंद दिसला की हात शिवशिवतात. हा क्लब २०१२ पासून न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आहे, त्यामुळे त्याचे अहवाल कुणालाही वाचता येतात. वाचणारे मात्र कमी. माझी तक्रार खरी तिथूनच सुरू होते.

आमचा चाहत्यांचा एक गट आहे. मोठे सामने आम्ही एका हॉलमध्ये पडद्यावर एकत्र बघतो. बहुतेक मंडळी माझ्या मुलाच्या वयाची, सगळे मला काका म्हणतात. एका सामन्याच्या मध्यंतरात मी पिशवीतून वार्षिक अहवालाची काही पानं काढली. व्याजाच्या रकमेखाली लाल पेन्सिलने रेघ मारून नेली होती. शेजारच्या मुलाला म्हटलं, "हे बघ, नवा बचावपटू का येत नाही विचारत होतास ना?" त्याने पान हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाला, "काका, आपण मजा करायला आलोय." त्या रात्री मी तीच पानं मोबाइलवर फोटो काढून गटात टाकली. खाली लिहिलं की भागधारकांना लाभांश वाटला जात होता त्याच वर्षांत स्टेडियमच्या छपराकडे कुणी बघत नव्हतं. सकाळी उठून पाहतो तर मी गटाबाहेर. अॅडमिनने वेगळा निरोप पाठवला होता : "काका, राग मानू नका, पण गटात राजकारण नको." खाली हात जोडल्याची दोन चित्रं.

राजकारण! मधल्या फळीत कुणाला खेळवावं यावर याच गटात तासन् तास एकमेकांच्या अकला काढल्या जातात, ते चालतं. मधली फळी विकत घ्यायला पैसे का उरत नाहीत, हे विचारलं की राजकारण. त्या मुलांना मी माफ केलं असतं, पण काल आपल्या वर्तमानपत्राने तेच शहाणपण तीन कॉलमांत छापलं, म्हणून हे पत्र.

मुद्दा अवघड नाही. ग्लेझर या अमेरिकन कुटुंबाने २००५ मध्ये हा क्लब सुमारे ७९ कोटी पौंडांना घेतला. त्यातली मोठी रक्कम उसनी होती आणि त्यातलं बरंचसं कर्ज क्लबच्याच डोक्यावर ठेवलं गेलं. म्हणजे घर घेणारा वेगळा आणि हप्ते भरायचे घराने. वर शेअरची रचना अशी की कुटुंबाकडच्या 'ब' वर्गाच्या एका शेअरला दहा मतं आणि बाजारात तुम्हीआम्ही घेऊ त्या शेअरला एक. सभेत कोण जिंकणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. हे त्या वेळीच ओळखून काही चाहते बाहेर पडले आणि त्यांनी त्याच वर्षी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःच्या मालकीचा क्लब काढला. उरलेल्यांनी २०१० मध्ये निषेध म्हणून लाल मफलर बाजूला ठेवून हिरवे-सोनेरी मफलर गळ्यात घातले. ते न्यूटन हीथचे, म्हणजे क्लबच्या मूळ नावाच्या काळातले रंग. मिलानकडून खेळायला आलेल्या बेकहॅमनेही, म्हणजे युनायटेडच्याच जुन्या खेळाडूने, सामना संपल्यावर तो मफलर गळ्यात घातला होता. आपल्या लेखात यातलं एक अक्षर नाही.

२०२४ मध्ये ब्रिटिश उद्योगपती सर जिम रॅटक्लिफ भागीदार म्हणून आले. हिस्सा चौथ्या भागाहून थोडा जास्त, पण फुटबॉलचा कारभार त्यांच्या हाती. आम्हाला वाटलं, चला, निदान स्वतः मँचेस्टरच्या परिसरातला माणूस आहे. त्यांनी काटकसर सुरू केली. शेकडो कर्मचारी घरी गेले. जे राहिले त्यांचं दुपारचं फुकट जेवण बंद झालं. २०२४-२५ च्या मोसमाच्या मध्यावर तिकीट सरसकट ६६ पौंड झालं, लहान मुलांना आणि पेन्शनरांना सवलत राहिली नाही. पेन्शनर म्हणून मला हे जरा जास्तच लागलं, हे कबूल. काटकसर वाईट असते असं हिशेबनीस कसं म्हणेल? पण मॅनेजरच्या भरपाईत कोट्यवधी घालवायचे आणि स्वयंपाकघर बंद करून वाचवायचे, याला आमच्या खात्यात काटकसर म्हणत नसत. त्याच मोसमात संघ वीस संघांच्या लीगमध्ये पंधरावा आला आणि बिल्बाओला युरोपा लीग या युरोपीय स्पर्धेची अंतिम लढतही टॉटनहॅमकडून हरला. आता एक लाख प्रेक्षकांच्या नव्या स्टेडियमचे आराखडे दाखवतात. जुन्याचं छप्पर आर्सेनलच्या सामन्यानंतर धबधब्यासारखं गळताना साऱ्या जगाने पाहिलंय.

चाहत्यांच्या ओरडण्याने काही होत नाही, असंही लेखात आहे. एप्रिल २०२१ मध्ये युरोपातल्या बारा बड्या क्लबांनी सुपर लीग या स्वतःच्या वेगळ्या स्पर्धेची घोषणा केली आणि चाहते खवळले. इंग्लंडमधल्या सहाही क्लबांनी दोन दिवसांत माघार घेतली, ती काय पश्चात्ताप झाला म्हणून? त्यानंतर २ मे रोजी लिव्हरपूलविरुद्धचा सामना युनायटेडच्या चाहत्यांनी मालकांच्या निषेधार्थ मैदानात घुसून होऊच दिला नाही. मी टीव्हीसमोर बसून होतो. हिरवळीवर धुराचे लाल लोट दिसत होते आणि खेळाडू हॉटेलातच अडकले असल्याचं समालोचक पुन्हा पुन्हा सांगत होते. पोलिसांवर बाटल्या फेकल्या गेल्या, ते चूकच. बाकी त्या दिवशी सामना बुडाल्याचं मला काडीचंही वाईट वाटलं नाही.

आणि फेब्रुवारी २०१६ आठवतो का? लिव्हरपूलने नव्या स्टँडसाठी ७७ पौंडांचं तिकीट जाहीर केलं, तर संडरलंडविरुद्ध ७७व्या मिनिटाला हजारो लोक उठून चालते झाले. संघ तेव्हा २-० असा पुढे होता. सामना २-२ सुटला आणि काही दिवसांतच मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली. माझ्या लेखणीतून लिव्हरपूलचं, म्हणजे आमच्या हाडवैऱ्याचं, कौतुक उतरतंय, यावरून माझ्या संतापाचा अंदाज यावा.

कुणी म्हणेल, मग काय चाहत्यांच्या हाती क्लब द्यायचा? बार्सिलोनात सभासदच अध्यक्ष निवडतात, तरी कर्जाचा डोंगर झाला आणि २०२१ मध्ये मेस्सीला जाऊ द्यावं लागलं. खरं आहे. पण त्याच सभासदांनी आदल्या वर्षी अविश्वास ठरावासाठी वीस हजारांवर सह्या जमवल्या आणि मतदानाला सामोरं जाण्याआधीच अध्यक्ष बार्तोमेऊ यांनी राजीनामा दिला. जर्मनीत बहुतेक क्लबांत निम्म्याहून अधिक मतं सभासदांकडेच राहतात, तसा नियमच आहे. मँचेस्टरच्या चाहत्याने कुठल्या कागदावर सही करायची, ते आपल्या प्रतिनिधींनी पुढच्या लेखात जरूर सांगावं. अहवालाची झेरॉक्स हवी असल्यास पाठवतो, लाल रेघांसकट.

आपला,
एक जुना वर्गणीदार

ता. क. : जाहिरात आली की आपण लीगची गुणतालिका कापता आणि पहिले दहाच संघ छापता. पंधराव्या क्रमांकाच्या त्या मोसमात मला माझा संघ आपल्या पानावर दिसलाच नाही. जाहिरात बहुधा गुडघेदुखीच्या तेलाची असते. निदान ती तरी कोडं असतं त्या पानावर हलवावी.