संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र : भरतीच्या वेळी दात मोजलेत, आता दातांची खुर्ची चालू ठेवा

मा. संरक्षणमंत्री महोदय,
जय हिंद.

ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या आमच्या पॉलिक्लिनिकमधली दातांची खुर्ची पुन्हा बंद पडली आहे. मागच्या खेपेला "महिन्याभरात दुरुस्त करून देऊ" असा शब्द मिळाला होता. तो महिना उलटला, आणि रांगेत उभे राहिलेले सत्तरीचे सुभेदार, हवालदार आणि वीरनारी तपासणीविनाच परत जात आहेत.

भरतीच्या मैदानावर हीच फौज जवानाचे दात मोजते. 22 पैकी किमान 14 डेंटल पॉइंट (धड दातांना मिळणारे गुण) नसतील तर धडधाकट पोरगाही बाद होतो. नोकरीत असेपर्यंत आर्मी डेंटल कोअर त्या दातांची काळजी घेते. पेन्शन सुरू झाली की त्याच तोंडाची जबाबदारी कुणाची? ईसीएचएस 1 एप्रिल 2003 ला सुरू झाली ती याच प्रश्नाचं उत्तर म्हणून. हवालदारापर्यंत 30,000, जेसीओंना (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) 67,000 आणि अधिकाऱ्यांना 1,20,000 रुपये अशी वर्गणी निवृत्तीच्या वेळी एकरकमी कापली जाते. पैसे आधी घेतलेत, उपचार मात्र ‘उपलब्ध झाल्यास’. ही खैरात नाही, साहेब. हा आमचा हक्क आहे, आणि त्याची किंमत आम्ही आगाऊ मोजली आहे.

खुर्ची बंद पडते म्हणजे नेमकं काय बंद पडतं, हे मंत्रालयात कधी कुणी विचारलं आहे का? बहुतेक वेळा खुर्ची धडच असते. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं. ते रोज संध्याकाळी खालचा व्हॉल्व्ह उघडून काढायचं असतं. काढलं नाही की ओलावा हवेच्या नळीतून एअरोटरमध्ये, म्हणजे दात कोरणाऱ्या हवेच्या ड्रिलमध्ये, शिरतो आणि मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेणाऱ्या टर्बाइनचं बेअरिंग जातं. ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) टाकण्याआधी हँडपीसला, म्हणजे त्या ड्रिलच्या हातात धरायच्या भागाला, तेल दिलं नाही तरी तेच होतं. बदलायचा असतो तो टर्बाइनचा बोटाच्या पेराएवढा कार्ट्रिज. पण त्यासाठी कागद डॉक्टरकडून ओआयसीकडे (पॉलिक्लिनिकच्या प्रभारी अधिकाऱ्याकडे), तिथून स्टेशन हेडक्वार्टरकडे, मग कोटेशन, मग मंजुरी. सर्वांत कमी दराची निविदा भरून यंत्र विकणाऱ्याचं जिल्ह्यात सर्व्हिस सेंटर आहे का, हे खरेदीच्या वेळी बघायला नको होतं का?

दुसरी अडचण हँडपीसच्या संख्येची. प्रत्येक रुग्णानंतर तो निर्जंतुक करावाच लागतो. 121 अंशांवर 15 ते 20 मिनिटं, त्यात तापणं, थंड होणं, वाळणं धरलं तर तास जातो. खुर्चीमागे दोनच हँडपीस असतील तर दिवसाला ड्रिलिंगची किती कामं होतील, याचा हिशेब शाळेतलं पोरही करील. मग एक तर रुग्ण परत पाठवायचे, नाही तर नुसतं पुसून पुढच्याच्या तोंडात घालायचं. दुसरा पर्याय डॉक्टरसमोर उभा राहणं हाच गुन्हा आहे.

सर्वांत जास्त हाल अर्धवट उपचारांचे होतात. रूट कॅनालमध्ये नस काढून तात्पुरतं सिमेंट भरलेलं असतं. ते काही आठवडेच टिकतं. एवढ्यात कंत्राटी दंतवैद्याची मुदत संपते, नव्याची नेमणूक लांबते, सिमेंट झिजतं, जंतू पुन्हा आत जातात आणि वाचणारी दाढ काढावी लागते. दाढेचं रूट कॅनाल पूर्ण झालं पण कॅप बसली नाही, तर ती चावताना दुभंगते. मधुमेह असलेल्याच्या हिरड्यांतला पू साखर आटोक्यात येऊ देत नाही. म्हणजे दंतविभाग बंद ठेवून तुम्ही मेडिसिनचा खर्च वाढवत आहात. पूर्ण कवळीला सहसा पाच खेपा लागतात: पहिलं माप, दुसरं माप, जबड्यांचा चाव जुळवणं, मेणावर दात लावून पाहणं आणि शेवटी बसवणं. माण-खटावच्या गावातून एसटीनं साताऱ्याला येणाऱ्या पंच्याहत्तरीच्या माणसाला यातली एक खेप फुकट गेली तरी किती महागात पडते, याचा विचार करा.

औषधांच्या ‘एनए’ (उपलब्ध नाही) शिक्क्याबद्दल आणि बिलं थकली म्हणून कॅशलेस नाकारणाऱ्या रुग्णालयांबद्दल वेगळं काय लिहावं? कॅगनं 2015 मध्ये या योजनेवर स्वतंत्र अहवाल दिला आहे. दुखणं तुमच्या दप्तरी नोंदलेलं आहे. तरी प्रत्येक अर्जाला ‘कार्यवाही सुरू आहे’ हेच उत्तर येतं. सीमेवरून आलेल्या मागणीला असं उत्तर चाललं असतं का? संचलनात आमच्या पदकांना सलाम होतो, पण आमच्या फायलीला वाली नसतो. सगळी यंत्रणाच अशी झाली आहे की, खर्च टाळणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही आणि एक कार्ट्रिज वेळेवर विकत घेणारा मात्र ऑडिटच्या आक्षेपाला भितो.

म्हणून मागतो ते नीट ऐका. प्रत्येक खुर्चीमागे किमान सहा हँडपीस द्या. टर्बाइन, गॅस्केट आणि सक्शनचे फिल्टर पॉलिक्लिनिकच्या कपाटात असू द्या आणि ते विकत घेण्याचा अधिकार ओआयसीला द्या. देखभालीच्या करारात 48 तासांत मेकॅनिक आलाच पाहिजे, नाही तर दंड, अशी अट घाला. दंतवैद्याचं कंत्राट संपण्याच्या तीन महिने आधी पुढची नेमणूक पूर्ण करा. खुर्ची बंद असेल तर त्याच दिवशी बाहेरच्या दवाखान्याचं रेफरल द्या, आणि कवळी किंवा रूट कॅनालसाठी ते सगळ्या खेपांना मिळून एकच असू द्या.

यातल्या कोणत्या गोष्टी मान्य आहेत, कोणत्या नाहीत आणि आमची खुर्ची कोणत्या तारखेला सुरू होणार, एवढं सहीनिशी कळवा.

माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या वतीने