दोन निकम, दोन भगरे आणि एक पिपाणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निवडणुकीच्या निकालांची चर्चा निघाली की जात, पैसा, लाडकी बहीण यांवर पानेच्या पाने भरतात. भरावीतच. पण एकाच नावाचे दोन उमेदवार हा प्रकार निकालानंतर एखाद्या चौकटीत गंमत म्हणून छापून येतो, लोक हसतात आणि विसरतात. मला तो गमतीचा वाटत नाही.

२०१४ च्या लोकसभेला रायगडमध्ये अनंत गीते २,११० मतांनी निवडून आले. पडले सुनील तटकरे, आणि अपक्ष म्हणून उभ्या असलेल्या दुसऱ्या सुनील तटकऱ्यांना मिळाली ९,८४९ मते. २०२४ च्या विधानसभेला आंबेगावात दिलीप वळसे-पाटील यांनी देवदत्त निकमांना १,५२३ मतांनी हरवले. तिथल्या दुसऱ्या देवदत्त निकमांची मते २,९६५. आपल्याकडे निम्मी मते लागत नाहीत, दुसऱ्यापेक्षा एक जास्त पुरते. त्यामुळे असल्या दीड-दोन हजारांत आमदार, खासदार बदलतो.

चिन्हाचे तर विचारूच नका. साताऱ्यात त्याच वर्षी लोकसभेला शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी पडले आणि पिपाणी चिन्हावरच्या अपक्षाला ३७ हजारांवर मते गेली. शिंदेंचे चिन्ह होते तुतारी वाजवणारा माणूस. पिपाणीखालीही मराठीत 'तुतारी'च लिहिलेले. दिंडोरीत भास्कर भगरे निवडून आले म्हणून बोभाटा कमी झाला, पण पिपाणीवाल्या दुसऱ्या भगऱ्यांना तिथे लाखावर मते आहेत. त्यांच्याही नावापुढे 'सर' होते! ही सगळी मते चुकून पडली असे मी म्हणत नाही. गुप्त मतदानात ते सिद्धही होणार नाही.

मी निवृत्त शिक्षक. केंद्राध्यक्ष म्हणून बऱ्याच निवडणुका केल्या. एकदा एक आजी पुठ्ठ्याच्या आडोशामागून परत आल्या, म्हणाल्या, "गुरुजी, हितं दोन हायती की ओ. आपला कंचा?" त्यांचा कोणता ते मला ठाऊक नव्हते आणि ठाऊक असते तरी सांगता येत नव्हते. पोलिंग एजंट एकमेकांकडे बघत राहिले. आजींनी शेवटी आत जाऊन बटण दाबले, बीप वाजला. आता व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद दिसते, पण चूक कळली तरी मत मागे घेता येत नाही. लोक अशा मतदाराला अडाणी म्हणून मोकळे होतात, त्याचा मला राग येतो.

उभे राहण्याचा हक्क कुणाचाच काढून घेऊ नये. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही यासंबंधीची याचिका ऐकून घेतली नाही. आईबापांनी सारखे नाव ठेवले म्हणून माणसाला रोखायचे का, असा न्यायालयाचा प्रश्न होता, आणि तो बिनतोड आहे. मात्र निवडणूक संचालन नियम, १९६१ मध्ये सोय आहेच: नावे सारखी असतील तर व्यवसाय, राहण्याचे ठिकाण किंवा अन्य काही जोडून उमेदवार वेगळे दाखवावेत. आपण गावात 'कोपऱ्यावरचे पाटील' आणि 'सोसायटीवाले पाटील' करतोच की! मग मतपत्रिकेवर गावाचे नाव उमेदवाराच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत का नसावे? वडिलांच्या नावाने फरक कळतो तो छाननीच्या टेबलावर. मतदाराला दोन्ही निकमांच्या वडिलांची नावे माहीत असतील, ही अपेक्षा जरा जास्तच झाली.

मतपत्रिकेवर फोटो २०१५ पासून आले, पण ते इतके बारीक नि काळपट की लग्नातला जुना ग्रुप फोटो बरा. २०२५ मध्ये बिहारपासून आयोगाने रंगीत, मोठ्या चेहऱ्याचे फोटो सुरू केले, हे उत्तम. चिन्हांच्या यादीचे मात्र जमले नाही. लोकसभेला एवढे होऊनही विधानसभेला पिपाणी यादीत होतीच. पक्षांचे चिन्ह ठरले की त्याच्याशी मिळतीजुळती मोकळी चिन्हे त्या राज्यापुरती बाजूला ठेवायला नवा कायदा लागत नाही. अर्ज भरण्याच्या आधी एका दुपारचे काम आहे.

आपला,
एक निवृत्त मुख्याध्यापक, जि. सांगली