हिरव्या कनेक्टरला निळा कपलर : अपलोड वेगाबाबत चौथी तक्रार

दिनांक : १८ जुलै

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व तांत्रिक विभाग,
नाशिक

विषय : घरगुती फायबर जोडणीचा अपलोड वेग १०० ऐवजी ३ ते ६ एमबीपीएस मिळत असल्याबाबत आणि तीन डॉकेट (तक्रार नोंदी) दुरुस्तीविना बंद केल्याबाबत.

महोदय,

पाथर्डी फाटा परिसरातील आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आपली फायबर जोडणी आहे. प्लॅन दोन्ही बाजूंना १०० एमबीपीएसचा आहे. रस्त्याच्या खोदकामात तुटलेली केबल आपल्या माणसांनी १२ जूनला जोडली आणि त्याच दिवशी पार्किंगमधल्या स्प्लिटर बॉक्समध्येही (एका फायबरचा प्रकाश अनेक घरांना वाटणाऱ्या पेटीत) काम केले. तेव्हापासून डाउनलोड ९० च्या वर, पण अपलोड ३ ते ६ च्या आसपास अशी स्थिती आहे. तीन वेळा तक्रार केली. ‘राऊटर रीस्टार्ट करा’, ‘फाइव्ह गिगाहर्ट्झ वापरा’ आणि शेवटी ‘राऊटर बदला’ अशी तीन उत्तरे मिळाली आणि प्रत्येक वेळी डॉकेट बंद झाले. एकदाही कोणी पॉवर मीटर (प्रकाश मोजण्याचे यंत्र) घेऊन आले नाही. दोष राऊटरचा नाही हे आकड्यांनिशी दाखवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

पहिला संशय वायफायवर घेतला जातो आणि तो बऱ्याचदा बरोबरही असतो. मोबाईलचा अँटेना आणि त्याची शक्ती राऊटरपेक्षा कमी असते, त्यामुळे दोन भिंतींपलीकडे डाउनलोड ठीक येतो आणि अपलोड आधी कोसळतो. म्हणून वायफाय पूर्ण बंद करून २ मीटरच्या कॅट ६ केबलने लॅपटॉप जोडला. लिंक १ गिगाबिट, फुल डुप्लेक्स दिसते. केबलमधल्या चार जोड्यांपैकी एखादी तुटली असती तर लिंक १०० वर उतरली असती किंवा लागलीच नसती, तसे झालेले नाही. सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, टीव्ही आणि फोटोंचा आपोआप बॅकअप घेणारे मोबाईल चाचणीपुरते बंद ठेवले. मुंबईच्या सर्व्हरवर अपलोड सकाळी ६ वाजता ४.१, दुपारी ३ वाजता ३.६ आणि रात्री १० वाजता ४.४ एमबीपीएस. पहाटे-सकाळी वेग वाढत नाही, म्हणजे गर्दीचे कारणही उरत नाही.

त्यानंतर राऊटरच बाजूला काढला. आपला ओएनयू (फायबरचा प्रकाश घेऊन इंटरनेट देणारे घरातले उपकरण) वेगळा डबा आहे, त्यामुळे लॅपटॉप थेट त्याला लावून त्यावरूनच पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने होणारी जोडणी) डायल केले. आपल्याकडे मॅक बाइंडिंग (एका ठरावीक उपकरणाच्या ओळख क्रमांकालाच जोडणी मिळणे) असल्यामुळे आधी लॅपटॉपला राऊटरचा मॅक द्यावा लागला. हे आपल्या फोनवरच्या प्रतिनिधींनाही माहीत असायला हवे, नाहीतर ग्राहकाला वाटते की डायलच होत नाही. राऊटर मध्ये नसतानाही अपलोड ३.९ च आला. ज्या राऊटरला बदलायला सांगितले जात आहे, तो या चाचणीत वायरलाही जोडलेला नव्हता.

एमटीयूही (एका पॅकेटचा कमाल आकार) तपासला. तो चुकला की वेबपेज उघडतात, पण मोठी फाइल वर चढवताना ती मध्येच अडकते. पीपीपीओईवर १,४९२ बाइट बसायला हवेत. तुकडे न करता १,४६४ बाइटचा पिंग (जाऊन परत येणारे चाचणी पॅकेट) जातो आणि १,४६५ चा अडतो. वरचे २८ बाइट हेडरचे धरले की हिशेब बरोबर १,४९२ येतो. तिथेही दोष नाही.

दोष दिसला तो आपल्या पहिल्या गेटवेला (आमची लाइन जिथे आपल्या जाळ्याला मिळते त्या यंत्राला) पिंग केल्यावर. ३२ बाइटचे ५०० पिंग पाठवले, त्यातला १ गहाळ झाला. १,४०० बाइटचे ५०० पाठवले, त्यातले १९ गहाळ झाले. पॅकेट जितके मोठे, तितके जास्त बिट आणि त्यातला एखादा बिघडण्याची शक्यता जास्त. वेगाला सॉफ्टवेअरने घातलेली मर्यादा अशी वागत नाही. तिथे अपलोड एका ठरावीक आकड्यावर सपाट राहतो. इथे तो एकाच मिनिटात ३ वरून ६ वर आणि परत खाली येतो.

डाउनलोड का बिघडत नाही, असा प्रश्न आपले प्रतिनिधी दरवेळी विचारतात. डाउनलोड चालू असताना आमच्याकडून वर फक्त छोट्या पोचपावत्या जातात. त्यातली एखादी हरवली तरी पुढची पोचपावती मागचा हिशेबही चुकता करते. अपलोडमध्ये मात्र प्रत्यक्ष माल वर जात असतो. पॅकेट हरवले की टीसीपी (डेटा पोचवण्याची नियमपद्धत) ते रस्त्यातल्या गर्दीचे लक्षण समजतो आणि वेग एकदम उतरवतो. शंभरात चार पॅकेट हरवत असतील तर मुंबईपर्यंतच्या अंतरावर ४ एमबीपीएसच्या आसपासच वेग राहणार. ‘डाउनलोड ठीक आहे म्हणजे लाइन ठीक आहे’ हे म्हणणे म्हणूनच चुकीचे आहे.

आता प्रकाशाचे आकडे. जोडणी दिली त्या दिवशी आपल्या तंत्रज्ञांनी फॉर्मवर मिळणारा प्रकाश −१९.४ डीबीएम (प्रकाशाच्या शक्तीचे माप, आकडा जितका ऋण तितका प्रकाश कमी) लिहिला आहे. आज ओएनयूच्या पानावर तो −२६.६ दिसतो. ७.२ डीबीची घट म्हणजे प्रकाश पाचपटीहून कमी झाला. क्लास बी प्लस जीपॉनमध्ये (या प्रकारच्या फायबर जाळ्यात) ओएनयूची मर्यादा −२७ आहे, त्यामुळे खाली येणारा सिग्नल कसाबसा तग धरून आहे. वर जाणारा प्रकाश ओएनयूतून १.९ डीबीएमने निघतो. आपल्या ओएलटीची (आपल्या केंद्रातल्या यंत्राची) ताकद ३ ते ४ डीबीएम धरली, तर वाटेतली घट ३० डीबीच्या आसपास येते आणि आमचा प्रकाश आपल्याकडे −२८ च्या आगेमागे पोहोचतो. बी प्लस ओएलटीची मर्यादा नेमकी −२८ आहे. शिवाय वर जाणारा १३१० नॅनोमीटरचा प्रकाश फायबरमध्ये खाली येणाऱ्या १४९० पेक्षा किलोमीटरमागे साधारण ०.१ डीबी जास्त झिजतो. काठावर उभी असलेली लाइन आधी अपलोडमध्येच घसरते, ती अशी.

घट कुठे होते हेही शोधले आहे. पार्किंगमधल्या स्प्लिटरवर आठ घरे आहेत. बाकी सात घरांना त्रास नाही. दुसऱ्या मजल्यावर याच प्लॅनवर अपलोड ९६ आणि प्रकाश −२०.१ आहे. म्हणजे आपला ओएलटी, रस्त्यावरची केबल आणि स्प्लिटरचा प्रवेश या सगळ्या गोष्टी ठीक आहेत. उरतो तो आमचा पोर्ट आणि तिथून वर येणारी ड्रॉप केबल. घरात केबल कुठे दुमडलेली नाही, तिच्या वेटोळ्याचा व्यास १० सेंटिमीटरहून जास्त आहे. तीव्र बाक असता तर १४९० ला १३१० पेक्षा जास्त फटका बसला असता.

बॉक्सचे झाकण तुटलेले असल्याने आतले उघड्यावर दिसते. बाकी सात घरांना हिरवे कपलर (दोन कनेक्टर जोडणारे तुकडे) आहेत, आमच्या पोर्टला निळा. त्यात एका बाजूने केबलचा हिरवा कनेक्टर दाबून बसवला आहे, दुसऱ्या बाजूला निळा आहे. हिरव्या एससी एपीसी कनेक्टरचे टोक ८ अंशांत तिरपे घासलेले असते, निळ्या यूपीसीचे जवळजवळ सरळ. दोन्ही समोरासमोर आले की टोके नीट टेकत नाहीत, मध्ये हवेची फट राहते, कित्येक डीबी प्रकाश वाया जातो आणि काही उलटा परततो. रंग वेगळे ठेवण्यामागे हेच कारण आहे. आम्ही त्याला हात लावलेला नाही. ते साहित्य आपले आहे आणि फायबरमधला लेझर डोळ्यांना दिसत नसला तरी त्यात पाहणे धोक्याचे आहे.

या कामाला अर्धा तास पुरेसा आहे. निळ्या बाजूला असलेली पिगटेल (एका टोकाला कनेक्टर असलेली छोटी फायबर) आणि कपलर बदलून दोन्हीकडे हिरवे बसवावे. पण नुसते बदलून थांबू नये. महिनाभर सरळ टोकावर दाबून राहिलेल्या तिरप्या टोकाला ओरखडे पडलेले असू शकतात, म्हणून ते स्कोपखाली पाहावे, स्वच्छ करावे आणि खराब असेल तर नवे टोक लावावे. मग १४९० वर पॉवर मीटर लावून स्प्लिटरच्या पोर्टवर आणि घरात असे दोन आकडे घ्यावेत. तीन मजल्यांच्या ड्रॉप केबलमध्ये हा फरक १ डीबीच्या आत यायला हवा. मोजल्यावर फक्त हे आकडे फॉर्मवर लिहून सहीसाठी द्यावेत, इतकीच विनंती आहे.

आपल्या बाजूला ओएलटीवर आमच्या ओएनयूचा मिळणारा प्रकाश थेट दिसतो. तो घरी येण्याआधी वाचावा. बीआयपी त्रुटींचा (वाटेत बिघडलेल्या बिटांचा) काउंटर शून्य करून २४ तास पाहावा. त्रुटी थांबूनही अपलोड कमी राहिला, तरच बँडविड्थ प्रोफाइल (वेगाची मर्यादा ठरवणारी नोंद) तपासावी. आधी प्रोफाइल बदलली तर मूळ दोष झाकला जाईल आणि पावसात पुन्हा उघडा पडेल. बॉक्सचे झाकणही त्याच फेरीत बसवावे, आत पाणी आणि धूळ जाते.

अपलोडची गरज आता घराघरांत आहे. व्हिडिओवर शिकवणी घेणाऱ्याचा आवाज मुलांना तुटक ऐकू येतो, सीसीटीव्हीचे चित्र बाहेरून उघडत नाही, ऑनलाइन अर्जाला जोडलेली कागदपत्रे चढत नाहीत. पैसे दोन्ही बाजूंच्या १०० चे घेतले जातात आणि ज्येष्ठ ग्राहकांना मात्र राऊटरच बिघडला असे सांगून नवा घ्यायला लावले जाते, हे थांबायला हवे.

हे डॉकेट केबलवर घेतलेल्या तीन वेळच्या चाचण्यांत अपलोड ९० च्या वर आल्यावर आणि आमची संमती घेतल्यावरच बंद करावे. १२ जूनपासूनच्या बिलात योग्य सूट द्यावी. सात दिवसांत काम झाले नाही तर २०१२ च्या दूरसंचार ग्राहक तक्रार निवारण नियमांनुसार आपल्या अपील प्राधिकरणाकडे हेच आकडे सादर करणार आहे. प्रत्यक्ष येण्याआधी तंत्रज्ञांना एससी एपीसी कपलर आणि पिगटेल सोबत आणायला सांगावे, म्हणजे दुसरी फेरी पडणार नाही.

आपला ग्राहक,
पाथर्डी फाटा परिसर, नाशिक

सोबत : तीन बंद डॉकेटचे संदेश, जोडणीच्या फॉर्मची प्रत, ओएनयूच्या ऑप्टिकल पानाचे चित्र, पिंग चाचण्यांची प्रिंट, स्प्लिटर बॉक्सचा फोटो.