बोटीवरच्या अनोळखी मंडळींचे मनापासून आभार

काल संध्याकाळी सरोवरात बुडालेल्या एका जुन्या जहाजावर डाइव्ह केली. गोड्या पाण्यात लाकूड पोखरणारे समुद्री किडे नसतात, त्यामुळे फळ्या न् फळ्या शाबूत. काय देखणं जहाज! पण खाली पाणी जेमतेम 4 अंश. त्या गारठ्यात माझा रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडाशी पुरवणारं उपकरण) गोठला आणि हवा भसाभस सुटू लागली. शेजारच्या डायव्हरने तत्क्षणी आपला जादा रेग्युलेटर माझ्या हाती दिला, मला बोटीकडे वर जाणाऱ्या दोरापाशी नेलं आणि वर येताना सुरक्षेसाठी घ्यायचा 5 मीटर खोलीवरचा 3 मिनिटांचा थांबाही माझा दंड धरूनच पूर्ण केला. दोराला दिवा बांधून ठेवणाऱ्या आणि शिडीवर माझं जड सिलिंडर उचलून घेणाऱ्या खलाशांनो, तुमची नावं विचारायची राहिली. तुमचे उपकार मी विसरणार नाही.