अंतिम वर्षाचा प्रकल्प विकत कशाला?

संपादक महोदय,

अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाचे प्रकल्प तयार विकत मिळतात, ही खंत व्यक्त करणारे वाचकपत्र आपल्या अंकात वाचले. तक्रार खरी आहे. पण मुलांनी मग करावे काय, याचे उत्तर त्यात नव्हते. ते माझ्या अनुभवातून सुचवतो: ओपन सोर्स, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या, सॉफ्टवेअरमधल्या चुका वेडेवाकडे इनपुट देऊन, म्हणजे फझ टेस्टिंगने, शोधाव्यात.

मी सांगलीत डीटीपीचा व्यवसाय करतो. जुन्या फॉण्टमधला मराठी मजकूर युनिकोड या आजच्या प्रमाण अक्षरपद्धतीत आणणारे छोटे सॉफ्टवेअर मी २०११ साली सी भाषेत लिहिले आणि ओपन सोर्स म्हणून सर्वांना खुले केले. काही ग्रंथालये आणि दिवाळी अंकवाले ते वापरतात. २०१७ मध्ये एका ग्रंथपाल बाईंनी कळवले, की एक फाईल घातली की ते मध्येच बंद पडते. त्यांनी पाठवलेली तीच फाईल माझ्याकडे व्यवस्थित चालली. ‘आपल्या संगणकात दोष असावा,’ असे मी त्यांना लिहून मोकळा झालो.

गेल्या वर्षी मी या सॉफ्टवेअरला फझ टेस्टिंग जोडले. फझर आपल्या प्रोग्रॅमला सेकंदाला हजारो वेडेवाकडे इनपुट देतो. ज्या इनपुटमुळे कोडमधली नवी वाट उघडते ते तो जपून ठेवतो आणि त्यातच फेरफार करत पुढे सरकतो. मला लिहावे लागले ते वीसेक ओळींचे एकच फंक्शन: आलेले बाइट घ्यायचे आणि रूपांतराच्या फंक्शनकडे सोपवायचे. लिबफझर हा फझर क्लँग या कंपायलरसोबतच (लिहिलेल्या कोडचा चालता प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनासोबत) मिळतो. जोडीला अ‍ॅड्रेस सॅनिटायझर लावला, म्हणजे मेमरीची हद्द एका बाइटने ओलांडली तरी प्रोग्रॅम जागीच थांबतो.

तो अकराव्या सेकंदाला थांबला. इनपुट होते अवघे दोन बाइट: पहिली वेलांटी आणि अर्धा स. जुन्या फॉण्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती नंतर साठवतात. त्यामुळे ‘स्थिती’ शब्दात माझा कोड वेलांटी हाती धरून अर्धा स ओलांडतो, पुढचा पूर्ण थ गाठतो आणि मग ती ठेवतो. पण मजकूर अर्ध्या सवरच संपला तर? कोड थ शोधत हद्दीबाहेर जात होता. तिथे काय सापडेल हे त्या त्या संगणकावर अवलंबून, म्हणून माझ्याकडे काही बिघडले नव्हते. असे कोणी टाइप करत नाही हे खरे, पण जुन्या सीडीवरून अर्धवट उतरलेली फाईल नेमकी अशीच तुटते. बाईंची फाईल सीडीवरचीच होती. मी त्यांना फोन करून क्षमा मागितली.

इंटरनेटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमधली हार्टब्लीड ही गाजलेली चूकही हद्दीपलीकडचे वाचण्याचीच होती. २०१२ च्या आवृत्तीत शिरली आणि एप्रिल २०१४ मध्ये उघड झाली. तोवर जगभरचे सर्व्हर उघडे होते. त्यानंतर, २०१६ मध्ये, गूगलने ओएसएस-फझ सुरू केले. महत्त्वाच्या ओपन सोर्स प्रकल्पांचे फझिंग तिथे अखंड आणि विनामूल्य चालते. अखंड हा शब्द महत्त्वाचा, कारण कोड रोज बदलतो. अँड्रॉइड फोनवर अक्षरे रेखाटणाऱ्या फ्रीटाइपमध्ये कोड बदलल्यावर काही तासांतच तिथे एक घातक चूक पकडली गेली होती. माझ्यासारख्या लहान प्रकल्पांसाठी त्याच धर्तीचे क्लस्टरफझलाइट हे साधन आहे. कोणी बदल पाठवला की पाच मिनिटे, शिवाय रोज रात्री दोन तास, असे ते मी लावले आहे. दिवाळीत एका तरुणाने नव्या फॉण्टचा तक्ता पाठवला, त्यातली चूक त्याच पाच मिनिटांत सापडली. एक अनंत लूप (कधीच न संपणारी पुनरावृत्ती) मात्र अठराव्या रात्री हाती लागला. एकदा चालवून ‘झाले’ म्हटले असते तर तो आजही तिथेच असता.

ही पद्धत मुळात विद्यार्थ्यांच्या हातून घडली, हे आपल्या प्राध्यापकांनी ध्यानात घ्यावे. विस्कॉन्सिन विद्यापीठाचे बार्टन मिलर वादळी रात्री टेलिफोनवरून विद्यापीठाच्या संगणकाला जोडलेले होते. तारेतल्या खरखरीने भलतीच अक्षरे घुसत होती आणि चांगले प्रोग्रॅम कोसळत होते. १९८८ मध्ये त्यांनी तोच वर्गातला प्रकल्प म्हणून दिला. १९९० च्या त्यांच्या निबंधानुसार युनिक्स या संगणकप्रणालीतले तपासलेले पाव ते एक तृतीयांश युटिलिटी प्रोग्रॅम (नेहमीच्या कामांचे छोटे प्रोग्रॅम) असल्या इनपुटपुढे टिकले नाहीत.

आपल्याकडच्या चौघांच्या गटाला एक ओपन सोर्स लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅम वापरतात असा तयार कोड, द्या. फझ टार्गेट, म्हणजे वर सांगितलेले वीसेक ओळींसारखे फंक्शन, लिहायचे, नमुना फाईली जमवायच्या, ते रोज चालू ठेवायचे, सापडलेली चूक आधी गुपचूप मूळ लेखकाला कळवायची आणि दुरुस्ती पाठवायची. असे वर्षभर करायचे. हे विकत आणता येत नाही, कारण प्रत्येक बदलाची तारीख आणि करणाऱ्याचे नाव जगाला दिसते. तोंडी परीक्षेला बाहेरून येणाऱ्या परीक्षकालाही ते पाच मिनिटांत तपासता येईल.

माझ्या सॉफ्टवेअरमधली तीन फंक्शन अजून फझ टार्गेटविना आहेत. जोडाक्षरांचे सर्वांत किचकट फंक्शन त्यांतच आहे. सांगली-मिरजेच्या विद्यार्थ्यांपैकी कोणाला करायचे असेल तर शनिवारी दुपारी माझ्या कार्यालयात दोन संगणक मोकळे असतात. माझा पत्ता आपल्याकडे दिला आहे. विचारणाऱ्यास तो अवश्य द्यावा.

— एक वाचक, सांगली