अंड्याच्या भानगडीत पडलेला डॉक्टर

धारणी
9 नोव्हेंबर 2025

प्रिय अव्या,

दिवाळीत फोनवर तू म्हणालास, "दिग्या, तू डॉक्टर आहेस की पुढारी? ओपीडी सोडून ग्रामसभेत अंड्यांवर भाषणं ठोकत फिरतोस म्हणे!" मी काही बोलणार तेवढ्यात रेंज गेली. शप्पथ, मी फोन कापला नव्हता. पण तुझं वाक्य डोक्यात बसलं ते बसलंच. आज रविवार आहे. पहाटे एक डिलिव्हरी झाली, मुलगी, 1 किलो 900 ग्रॅम. आईच्या छातीशी बांधून ठेवलीय, ऊब बरी आहे, ओढतेही आहे. तेव्हा आता तुझा समाचार घ्यायला मोकळा झालो.

गेल्या महिन्यात आपल्या बॅचच्या ग्रुपवर हैदराबादच्या डॉ. शिवरंजनी संतोष यांची बातमी कोणी टाकली? तूच. 14 ऑक्टोबरला एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, आदेश काढला की ज्या गोड पेयांचा आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या जुलाबावरच्या मीठ-साखर पाण्याच्या सूत्राचा संबंध नाही, त्यांनी नावात 'ओआरएस' लावायचं नाही. त्या सूत्रात लिटरला 13.5 ग्रॅम ग्लुकोज असतं, या डब्यांत त्याच्या कितीतरी पट साखर. जुलाब लागलेल्या लेकराला ते पाजलं की जुलाब वाढतात, हे तुझ्या दवाखान्यात तू रोज पाहतोस. 2022 च्या एप्रिलमध्ये मनाई झाली होती, जुलैत डब्यावर खुलासा छापण्याच्या अटीवर पुन्हा मोकळीक मिळाली, आणि ही बाई मागे हटली नाही. आठ वर्षं. पत्रं, व्हिडिओ, कोर्टकचेरी. त्यावर तू लिहिलंस, "सलाम!" मग अव्या, तिने डब्यावरच्या नावासाठी भांडलं की सलाम, आणि मी ताटातल्या अंड्यासाठी भांडलो की पुढारी? हा न्याय तुमच्या नाशिकचा की तुझा स्वतःचा?

चेष्टा सोडतो. गंभीरपणे सांगायचं तर मला यात ढकललं एका फॉर्मने.

गेल्या होळीला एक आई वीटभट्टीवरून परत आली. तुला माहीत नसेल, इथला, मेळघाटातला कोरकू आदिवासी माणूस कुठेही गेलेला असो, होळीला गावी येतोच. फगवा, म्हणजे होळीची वर्गणी, मागायचा असतो. तिच्याबरोबर तीन लेकरं, धाकटी दहा महिन्यांची. आशाताईने धाकटीच्या दंडाला टेप लावली. 10.6 सेंटीमीटर. तांबड्या पट्टीत खोल. (साडेअकराच्या खाली सॅम, म्हणजे तीव्र कुपोषण, आठवतं ना, की आता सगळी गुटगुटीतच येतात तुझ्याकडे?) मी पोषण पुनर्वसन केंद्रात भरती व्हा म्हटलं. ती म्हणाली, डॉक्टर, चौदा दिवस मी तिथे बसले तर या दोघांना कोण बघणार? बुडीत मजुरी मिळते, हे सांगून झालं. पण घरी राहिलेल्या दोघांना भाकरी थापून देणारं माणूस त्या पैशात मिळत नाही. गावातल्या बालविकास केंद्रात ठेवली, वजन थोडं चढलं, आणि जुलैच्या झडीत न्यूमोनियाने गेली. माझ्याच केंद्रात, पहाटे.

मृत्यूच्या कारणाचा फॉर्म 4 भरायला घेतला. तात्काळ कारण, न्यूमोनिया. त्याखाली मूळ कारणाची ओळ असते. ती ओळ आपण कितीदा रिकामी सोडली असेल रे! मी लिहिलं, तीव्र कुपोषण. दोन दिवसांत वरून फोन. कोणाचा ते विचारू नकोस. आवाज गोड होता. "डॉक्टर, न्यूमोनिया तर आहेच ना, मग खालचं कशाला? विनाकारण प्रश्न विचारले जातात." मी म्हटलं, साहेब, प्रश्न विचारले जावेत म्हणूनच तर ती ओळ छापलीय.

फोन ठेवल्यावर हात थरथरत होते, हे आपल्या दोघांत.

त्या रात्री मला गडचिरोली आठवली. आपण इंटर्न असताना तिथे डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेत गेलो होतो, तू डासांना शिव्या देत होतास. 39 गावांत शिकवून तयार केलेल्या बायका घरोघरी जाऊन नवजात बाळं तपासायच्या, गरज पडली तर इंजेक्शनही द्यायच्या, आणि हजारी 62 असलेले नवजात मृत्यू साडेपंचविसावर आले, 1999 च्या डिसेंबरमध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं. तेव्हा आपल्याला इंजेक्शनचंच कौतुक वाटलं होतं. आता वाटतं, खरी करामत त्याच्या आधीची होती. त्यांनी प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मरण मोजलं. पुढे 'कोवळी पानगळ' अहवालानेही तेच केलं. सरकारी दप्तरात न मावलेली मेलेली मुलं मोजून दाखवली, आणि मुंबईत खुर्च्या हलल्या. 2011 पासून ती घरभेट देशभर आशांच्या कामात आली. आज पहाटे जन्मलेल्या या पोरीकडे आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी जाईल, ते त्या मोजणीमुळे.

आणखी एक गोष्ट, जी पीएसएमच्या, म्हणजे सामाजिक आरोग्याच्या, तासाला आपल्याला कोणी सांगितली नाही. सांगितली असती तर मी झोपलो नसतो. मजुरांची किमान मजुरी ठरवणाऱ्या वि. स. पागे समितीने दिवसाला 4 रुपये सुचवले होते. त्याचा पाया होता मजुराला लागणारं अन्न. अभय बंग तेव्हा तरुण डॉक्टर. त्यांनी हा अन्नाचा हिशेब डॉक्टरच्या नजरेने तपासला तर चुका निघाल्या. नीट मांडला तर आकडा 12 रुपयांपर्यंत जात होता. गवगवा झाला आणि सरकारला मजुरी वाढवावी लागली. विचार कर, लोहाच्या किती गोळ्या वाटल्या असत्या तर मजुरांच्या पोटात तेवढं अन्न गेलं असतं? मी तरी मजुरीला पोषणाचंच औषध मानायला लागलोय. त्या आईला गावातच वेळेवर पैसे देणारं काम मिळालं असतं तर ती भट्टीवर गेली नसती.

आता अंडी. अंगणवाडीत अंडी आहेत, हे आधी सांगतो, नाहीतर तू म्हणशील सरकार काहीच करत नाही. अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण जेवण, आणि सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळी. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात पैसे उशिरा येतात, ताई दुकानदाराकडे उधारी करते, आणि परतवाड्याहून घाटातून आलेल्या ट्रेमधली काही अंडी सेमाडोहच्या वळणांवरच फुटतात. आणि दिवाळीनंतर निम्मं गाव कामाला बाहेर! जेवण अंगणवाडीत, बाई हरभऱ्याच्या शेतात. आत्ता या आठवड्यातच तीन टेम्पो भरून गेले.

पण पोर सहा वर्षांचं होऊन शाळेत गेलं की ते चार दिवसही संपतात. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू झालं होतं, न खाणाऱ्याला फळ. एकच, पण पोरं त्या दिवशी हमखास शाळेत. 2025 च्या जानेवारीत शासनाने त्याचा जादा निधी थांबवला. हवी तर लोकसहभागातून द्या म्हणे. मेळघाटात लोकसहभाग! ज्यांच्या घरी अंडं नाही, त्यांनीच वर्गणी काढून शाळेत अंडं द्यायचं. अंड्याला धर्माचा रंग देणारे तावातावाने बोलले. सहा ग्रॅम उत्तम प्रथिनं सहा-सात रुपयांत, हे सांगायला आपल्यापैकी किती जण उभे राहिले? मी नव्हतो राहिलो. हे कबूल करतो.

म्हणून ऑगस्टच्या ग्रामसभेत गेलो. म्हटलं, पेसाचा, म्हणजे आदिवासी गावांच्या ग्रामसभा कायद्याखालचा, 5 टक्के अबंध निधी तुमचा आहे, गावाने ठरवून खर्चायचा, त्यातून शाळेला अंडी द्या. ग्रामसेवक म्हणाले, अंडी कोणत्या हेडखाली दाखवू? अर्धा तास त्यावर काथ्याकूट. शेवटी एक म्हातारी उठली आणि कोरकूत काहीतरी बोलली, सगळी सभा हसली. मला आशाताईने अर्थ सांगितला. साहेबांच्या कागदात कोंबडी बसत नसेल तर कागद मोठा करा. ठराव झाला. मंजुरी अजून पंचायत समितीत फिरतेय. शिवाय गाव आरोग्य, पोषण समितीच्या वर्षाच्या 10,000 रुपयांतून मी दोन महिने चालवायचा हिशेब मांडलाय. दोन महिनेच, पण तेवढ्यात पोरांची वजनं आणि हजेरी लिहून ठेवता येईल.

तू विचारशील, पेपरात का लिहीत नाहीस? 1979 चे वर्तणूक नियम, बाबा. शासकीय नोकराने शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करायची नाही. माझी हद्द रजिस्टर, फॉर्म 4 आणि ग्रामसभेतला सल्ला एवढीच. डॉ. राजेंद्र बर्मा यांनी 2007 मध्ये मेळघाटच्या कुपोषणावर उच्च न्यायालयात याचिका केली, त्यावर न्यायालयाने सरकारला वर्षानुवर्षं जाब विचारला. बैरागडला डॉक्टर कोल्हे पती-पत्नी रुग्ण तपासता तपासता शेतीकडे वळले, कारण दुखणं शेतात होतं. माझ्यात तेवढी धमक नाही. आईच्या पेन्शनला माझ्या पगाराची जोड लागते, आणि नोकरी गेली तर या केंद्रात पुढचा डॉक्टर कधी येईल कोण जाणे.

पण तुला तर कोणते नियम नाहीत! तू बालरोगतज्ज्ञ संघटनेचा माणूस, तुमच्या सभांना मंत्री येतात. सोबत दोन पानी मसुदा पाठवतोय. शालेय आहारातल्या अंड्यांना हक्काचा निधी मिळावा, आणि मातांचं जेवण त्यांच्या कामाच्या गावीही मिळावं. एवढ्या दोनच मागण्या. तिसरी मजुरीची होती, ती तू म्हणशील डॉक्टरांचा विषय नाही, म्हणून काढली. काढताना वाईट वाटलं. तुला घालावीशी वाटली तर घाल. पहिला परिच्छेद लांबलाय, काप. माझं नाव कुठेही नको. आकडे मात्र सगळे माझ्या रजिस्टरमधले आहेत, ते तुझ्या नावाने बिनधास्त वापर, विचारलं तर मूळ पानं दाखवीन.

वहिनींना नमस्कार. होळीला इकडे ये. येताना बाळांच्या वजनकाट्याच्या बॅटऱ्या आण, इथे मिळणाऱ्या आठवडाभरही टिकत नाहीत. पोरगी रडतेय, जाऊन बघतो.

तुझा,
दिग्या